खळ्यावरचा चेंडू आणि रस्त्यावरची धाव

पत्र

आदरणीय सर, सादर नमस्कार. आमचे गाव खानापूर तालुक्यात असून घर एकत्र कुटुंबाचे आहे. माझा मुलगा आठवीत शिकतो, नुकतीच तेरा वर्षे पूर्ण झाली. मोठ्या दिरांचा मुलगा त्याच्याच वर्गात आहे. तो सात महिन्यांनी मोठा आणि वीतभर उंच आहे. दोघांनाही फुटबॉलचे वेड आहे. माझ्या मुलाच्या पायाला चेंडू चिकटून असतो असे सगळे म्हणतात, पण पळण्यात तो मागे पडतो. पुतण्या वाऱ्यासारखा पळतो, पण चेंडू त्याच्या पायावर आदळून चार हात पुढे जातो. यंदा शाळेच्या संघाची निवड करताना सरांनी सर्वांना शंभर मीटर पळवले आणि पहिले पंधरा घेतले. पुतण्या आला, माझा मुलगा राहिला. तेव्हापासून त्याने चेंडूला हात लावलेला नाही. पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्याने पाच किलोमीटर पळतो. गुडघ्याखाली दुखते म्हणतो, तिथे थोडा उंचवटाही आला आहे. दीर म्हणतात, फुटबॉल म्हणजे पळणे, ज्याला पळता येत नाही त्याने कॅरम खेळावा. कोल्हापूरचा माझा भाऊ म्हणतो, पळायला काय, कुत्रेही पळते, खेळ चेंडूचा आहे. या दोघांच्या वादात पोरगा वाळत चालला आहे. वेग मोठा की चेंडूवरचे कौशल्य, हे आपण एकदा स्पष्ट सांगावे.
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

आपला मुख्य प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. परंतु पत्राच्या मध्यावर गुडघ्याविषयी आपण जे ओझरते लिहून गेलात, त्याचे उत्तर आधी देणे मला भाग आहे. या वयात हाडे झपाट्याने वाढत असतात, आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला ज्या जागी जोडलेला असतो, तेथील कोवळ्या हाडावर धावताना पावलागणिक ओढ बसते. धावणे आणि उड्या मारणे एकदम वाढले की ती जागा दुखू लागते आणि तेथे टेंगूळ येते. डॉक्टर या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. खेळणाऱ्या मुलांमध्ये ते सर्रास आढळते आणि बहुतेकांचे वाढ पूर्ण होईपर्यंत थांबते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कोणाचाही गुडघा तपासता येत नाही. म्हणून त्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि पहाटेची ती डांबरी धाव उद्यापासूनच बंद करावी. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागचा दिवा नसताना अंधारात त्या रस्त्यांवरून कशा जातात, हे ज्याने पाहिले आहे, त्याने गुडघा ठणठणीत असता तरीही हाच सल्ला दिला असता.

धाव बंद केल्याने त्याचे नुकसानही काही होणार नाही. पाच किलोमीटर एका लयीत पळणाऱ्याचा दमसास वाढतो, वेग वाढत नाही. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि शरीर त्या निरनिराळ्या मार्गांनी शिकते. मधल्या फळीत खेळणारा प्रौढ खेळाडू पूर्ण सामन्यात दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो, तेव्हा दमसास उपयोगाचा नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपला मुलगा दमात कमी पडला म्हणून वगळला गेलेला नाही. जे कमी आहे ते भरून न काढता, जे भरपूर आहे ते, म्हणजे चेंडूवरील हुकमत, तो सोडून बसला आहे, आणि मला गुडघ्याच्या खालोखाल याचीच चिंता वाटते.

आता वादाकडे वळतो. सीमाभागात वादांना तसाही तोटा नाही, त्यात खानापूरचे काका आणि कोल्हापूरचे मामा यांच्या या नव्या वादाची भर पडली आहे. तेराव्या वर्षी दोहोंतून एकच निवडायचे झाले तर मी चेंडू निवडीन, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. मात्र आपले दीर सर्वस्वी चुकीचे बोलत आहेत असेही मी म्हणणार नाही, आणि भावाचे ते कुत्र्याचे वाक्य तर मला मुळीच मान्य नाही.

प्रथम त्या शंभर मीटरच्या शर्यतीविषयी. युसेन बोल्टने २००९ साली बर्लिन येथे शंभर मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले, तेव्हा त्यातील पहिल्या दहा मीटरना त्याला १.८९ सेकंद लागले होते. साठ मीटरच्या पुढे मात्र तेवढेच दहा मीटर तो सुमारे ०.८१ सेकंदात पार करीत होता. शंभर मीटरचा खरा निकाल लागतो तो असा उत्तरार्धात, पूर्ण वेग अंगात भिनल्यावर. फुटबॉलमध्ये मात्र जोराची धाव बहुतेक वेळा दहा-वीस मीटरची असते, तीही उभ्या जागेवरून, वळून, पाठमोरे असताना किंवा कोणाचा तरी खांदा लागत असताना घेतलेली. साठ-सत्तर मीटर सरळ रेषेत, कोणी आडवे न येता पळण्याचा योग अख्ख्या सामन्यात क्वचित येतो, आणि आला तर तो बहुधा आपल्याच गोलाकडे बचावासाठी परतताना येतो. तेव्हा शंभर मीटर पळवून संघ निवडणे म्हणजे खेळात जो भाग जवळजवळ येतच नाही त्याची परीक्षा घेऊन, जो भाग मिनिटामिनिटाला येतो तो न तपासताच सोडून देणे होय. नेदरलँड्सचा फुटबॉलपटू योहान क्रायफ तर असे सांगत असे की, जो इतरांपेक्षा थोडा आधी निघतो तो लोकांना वेगवान वाटतो. आधी निघायचे तर आधी कळावे लागते, आणि ते कळण्याचे काम पायांचे नव्हे.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. आपल्या भागात बैलांच्या शर्यती होतात. कितीही नामांकित बैलजोडी असली तरी तिला धावण्यासाठी साफ केलेली पट्टी लागते, उभ्या उसात कोणतीही जोडी पळत नाही. फुटबॉलमधील वेगाचेही असेच आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये व्हॅलेन्सिया येथे स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिद संघाच्या गॅरेथ बेलने बार्सिलोनाविरुद्ध मध्यरेषेजवळून चेंडू पुढे ढकलला, आणि बचावपटूने त्याला रेषेबाहेर लोटले तरी मैदानाच्या बाहेरून वळसा घेऊन तो गाठून गोल केला. पुढे अर्धे मैदान मोकळे पडले होते म्हणूनच हे शक्य झाले. २०१८ च्या विश्वचषकात कझान येथे फ्रान्सच्या एकोणीस वर्षांच्या किलियन एम्बापेने अर्जेंटिनाविरुद्ध स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन जी धाव घेतली आणि पेनल्टी मिळवून दिली, तिच्याही वाटेत अशीच रिकामी जमीन होती. तोच एम्बापे जेव्हा दहा माणसे पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी दाटून उभ्या केलेल्या संघासमोर येतो, तेव्हा त्यालाही वेग बाजूला ठेवून चेंडूवरच विसंबावे लागते. आपल्याकडे तर मैदाने लहान, गवत नावापुरते, आणि पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला चिखल एवढा की चेंडू डबक्यात रुतून बसतो आणि वेगवान पोरगा त्याच्या पुढे निघून जातो. हल्ली बेळगावात टर्फवर सात-सात जणांचे जे सामने होतात, तेथे चार पावलांवर कोणीतरी अंगावर आलेलेच असते. तेथे पळायचे कोठे?

हे सर्व मी आज मोठ्या शहाणपणाने लिहीत आहे; पण आपल्या मुलाच्या सरांनी जे केले, तेच एके काळी मीही केले होते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बेळगावातील एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एका झाडापासून गोलखांबापर्यंत मी साठ-सत्तर मुले पळवली, हातातील घड्याळ पाहून नावे लिहिली आणि शेवटच्या दहा जणांना घरी पाठवले. त्यांत वडगावच्या विणकराच्या घरातील एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. त्याच्या पायातील बूट दुसऱ्या कोणाचे तरी होते आणि टाचेकडे कागद कोंबलेला होता. पुढच्या वर्षी पळायची तयारी करून ये, असे मी त्याला सांगितल्याचे स्मरते.

पुढच्या वर्षी तो आला, पण दुसऱ्या शाळेच्या संघातून आणि आमच्याच विरुद्ध. भुरभुर पाऊस होता. मधल्या फळीत तो जवळजवळ उभाच होता, असे प्रथम मला वाटले. मग हळूहळू लक्षात येऊ लागले की, चेंडू त्याच्याकडे निघण्यापूर्वीच तो एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेत असे. चेंडू पायाशी पोचण्याच्या क्षणी तो पाय किंचित मागे घेई, जसा गवंडी खालून फेकलेली वीट झेलताना हात विटेबरोबर मागे नेतो, आणि चेंडू आवाजही न करता तेथेच बसे. आमची वेगवान मुले त्याच्या अंगावर धावून जात. ती पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असे, आणि नेमका त्याच जागेत, जी आमच्या मुलांनी त्याच्याकडे धावून मोकळी केली होती. त्या शर्यतीत पहिला आलेला आमचा उजव्या बाजूचा आघाडीवीर त्या दिवशी मैदानावरील कोणाहीपेक्षा जास्त पळाला असावा, पण त्याच्या हाती लागले ते फक्त थ्रो. आम्ही दोन गोलांनी हरलो. सामना संपल्यावर तो मुलगा रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायला आला, तेव्हा त्याच्या पायात अजूनही दुसऱ्याचेच बूट होते हे माझ्या ध्यानात आले.

मी अप्रामाणिकपणे निवड केली नव्हती, आणि आपल्या मुलाच्या सरांनीही केली नसावी. एका माणसाला एका दुपारी साठ मुले पाहायची असतात, पाचवा तास संपायच्या आत यादी द्यायची असते, आणि वेग मोजायला घड्याळ असते. चेंडूच्या पहिल्या स्पर्शाचे घड्याळ अजून निघालेले नाही. जे मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागते, हा मोह केवळ फुटबॉलपुरता नाही. पण ते राहू द्या.

वेगाच्या बाजूने जे खरोखर वजनदार म्हणणे आहे, तेही मांडले पाहिजे, नाहीतर आपले दीर हे पत्र वाचून हसतील. ते म्हणणे असे की, चेंडू शिकवता येतो, वेग शिकवता येत नाही. यात बरेच तथ्य आहे. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायूतंतू कोणाच्या वाट्याला किती यावेत, हे पुष्कळ अंशी जन्मतःच ठरते. सरावाने वेग सुधारतो, पण कासवाचा ससा होत नाही. म्हणूनच मोठमोठ्या संघांचे निवडकर्ते वेगवान मूल दिसले की वहीत नाव टिपतात. वरच्या पातळीवर वेगाला फाटा देता येत नाही, हेही खरे. रेआल माद्रिदचा फ्रान्सिस्को खेंटो सहा वेळा युरोपियन चषक जिंकला, आणि त्याचे नाव आजही प्रथम वेगासाठीच घेतले जाते. थिएरी ऑन्रीने इंग्लंडमधील आर्सेनल संघासाठी २२८ गोल केले. त्याचा वेग काढून घेतला असता तर त्यांतले किती उरले असते, हे सांगणे कठीण आहे.

परंतु या युक्तिवादात एक शब्द गाळलेला असतो, आणि तो म्हणजे ‘केव्हा’. चेंडू शिकवता येतो हे खरे. पण तो लहान वयात जितका सहज अंगी लागतो तितका पुढे लागत नाही. त्याच बोल्टने धावणे सोडल्यावर, २०१८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सेंट्रल कोस्ट मरिनर्स या संघाबरोबर सराव केला. जगातील सर्वांत वेगवान माणूस, अंगात शिस्त, फुटबॉलची मनापासून आवड, शिकवायला व्यावसायिक प्रशिक्षक, आणि एका मैत्रीपूर्ण सामन्यात दोन गोलही. तरीही करार झाला नाही. वय झाले होते हे मान्य. परंतु चेंडू येताना दिसणे, तो घेणे आणि पुढे कोठे द्यायचा हे ठरवणे, या साखळीतला त्याचा उशीर पायांच्या वेगाने भरून निघण्यासारखा नव्हता. चेंडू घेण्यासाठी ज्याला थांबावे लागते, त्याने पळून मिळवलेले अंतर तेथेच परत जाते. समजा, वीस मीटरमध्ये आपला पुतण्या आपल्या मुलापेक्षा दोन मीटर पुढे जातो. चेंडू त्याच्या पायावरून चार हात उडाला की ते दोन मीटर संपले, वर चेंडूही गेला.

स्पेनचा चाव्ही किंवा इटलीचा आंद्रेया पिर्लो यांची उदाहरणे आपल्या भावाने निश्चितच दिली असतील. एकाने २०१० चा, दुसऱ्याने २००६ चा विश्वचषक जिंकला, आणि दोघांपैकी कोणालाही कोणी वेगवान म्हटले नाही. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती मुलापुढे ठेवताना जपून ठेवावीत. त्यातून ‘मला पळण्याची गरज नाही’ असा सोयीस्कर अर्थ तेरा वर्षांचे मूल चटकन काढते. ही माणसे संथ नव्हती. त्यांचा वेग मानेत आणि डोळ्यांत होता, आणि चेंडू देण्यात होता. जोरकस पास माणसाच्या कोणत्याही धावेपेक्षा वेगाने जातो, हे तर आपण कोणत्याही मैदानावर उभ्या उभ्या पाहू शकता.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रातच दडलेली आहे. पुतण्या सात महिन्यांनी मोठा आणि वीतभर उंच आहे, असे आपण लिहिता. त्याचा आवाज फुटला आहे काय? ओठांवर लव दिसू लागली आहे काय? मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने तेरा-चौदाच्या आसपास येतो, परंतु कोणाला तो बाराव्या वर्षी गाठतो आणि कोणाला पंधराव्या. ज्याला लवकर गाठतो, तो त्या दोन-तीन वर्षांत आपल्या जोडीदारांमध्ये लहान मुलांत घुसलेल्या मोठ्या माणसासारखा वावरतो. अनेक देशांत असे दिसून आले आहे की, वयोगटाच्या वर्षात आधीच्या महिन्यांत जन्मलेली मुले लहान वयाच्या संघांत जास्त निवडली जातात. त्यात गुणवत्तेपेक्षा आधी झालेल्या वाढीचा वाटा मोठा असतो. आपल्या मुलाची वाढ अजून व्हायची असेल, तर आजची शर्यत त्याच्या वेगाविषयी फारसे काही सांगत नाही. वाढ सुरू झाल्यावर काही महिने त्याचे हातपाय त्याचे ऐकेनासे होतील, जवळचा चेंडूही सुटेल. तेव्हा घरात कोणी ‘आता चेंडूही गेला’ असे म्हणू नये.

म्हणूनच, ताई, आपण मुलासाठी पत्र लिहिले असले तरी मला अधिक काळजी पुतण्याची वाटते. आज तो वेगाच्या बळावर सर्वांना मागे टाकतो, म्हणून त्याला कोणी चेंडू घ्यायला शिकवत नाही. प्रत्येक वेळी लांब चेंडू पुढे मारायचा आणि त्याने तो गाठायचा, एवढेच त्याच्याकडून करून घेतले जात असणार. सोळा-सतराव्या वर्षी बाकीची मुले अंगाने भरतील, दोन-तीन जण त्याच्याएवढे पळू लागतील, बचावपटू आपल्या पाठीमागे जागा सोडेनासे होतील, आणि तेव्हा त्याच्या हाताशी दुसरे काही नसेल. अशी मुले मी बरीच पाहिली आहेत. चौदाव्या वर्षी वर्तमानपत्रात फोटो, अठराव्या वर्षी मैदानाच्या कठड्यावर बसून इतरांचा खेळ पाहणे. दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवला तरी चालेल.

१९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक घेतले. त्या संघात पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम हे तिघे आघाडीला होते. बॅनर्जींकडे बाजूने सुसाट निघण्याची धाव आणि जबरदस्त फटका होता, गोस्वामींच्या पायात चेंडू नाचवण्याची कला होती, आणि बलराम दोन्ही जोडून घेणारे होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी या तिघांची शर्यत लावून त्यांतून एकालाच घेतले, असे झाले नाही. आपल्या घरात एक चेंडू देणारा आणि एक चेंडूमागे धावणारा असे दोघे एकाच छपराखाली वाढत आहेत, आणि घरातली मोठी माणसे त्यांच्यापैकी मोठा कोण हे ठरवीत बसली आहेत, याचे मला नवल वाटते.

सरावाविषयी लिहितो. आता भाताची कापणी चालू असेल आणि खळे सारवून तयार होत असेल. मळणी आटोपली की काही आठवडे ते खळे या दोघांना द्यावे. चहूबाजूंनी आखूड, टणक, सपाट. चेंडू उसळत नाही आणि धसकटांत अडकतही नाही. दक्षिण अमेरिकेत ज्याला फुटसाल म्हणतात आणि ज्यात ब्राझीलचे कितीतरी खेळाडू लहानपणी तयार झाले, तो खेळ १९३० मध्ये उरुग्वेतील माँटेव्हिडिओ येथे अशाच आखूड जागेसाठी बसवला गेला. आपल्याकडे ती जागा दर सुगीत आयती तयार होते आणि आपण तीवर फक्त भात वाळवतो. चेंडूतील हवा किंचित कमी ठेवावी. दोघांनी समोरासमोर उभे राहून पास द्यावेत, पण चेंडू येण्याआधी दोघांनीही एकदा मागे वळून पाहायचे आणि मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या मुलाने किती बोटे दाखवली ते सांगायचे. पुतण्याला प्रथम याचा कंटाळा येईल. पंधरा मिनिटांनंतर येणार नाही, कारण मग दोघांत पैज लागलेली असेल. डाव्या पायाला सुट्टी नाही. गोठ्याची भिंत दगडी असेल तर तिच्यावर चेंडू मारून परत येणारा पहिल्याच स्पर्शात थांबवणे, हा एकट्याने करण्याचा उत्तम सराव आहे. दुभत्या जनावराच्या धारेची वेळ तेवढी टाळावी.

वेगाचा सरावही करायचाच आहे, मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आणि मऊ जमिनीवर. आठवड्यातून दोनदा, अंग गरम करून, दमण्याआधी, दहा ते पंधरा मीटरच्या सहा-आठ धावा पूर्ण जोराने घ्याव्यात आणि दोन धावांमध्ये मिनिटभर तरी शांत उभे राहावे. हे उभे राहणेच मुलांना आळस वाटते आणि तेच गाळले जाते. विश्रांती गाळली की वेगाचा सराव पुन्हा दमाचा सराव होऊन बसतो. कधी पालथे पडून उठायचे आणि पळायचे, कधी पाठमोरे उभे राहून हाक आली की वळून निघायचे. शेवटच्या दोन धावा चेंडूसह. पुतण्याबरोबर पळताना आपला मुलगा हरेल, आणि हरू द्यावे. पहिल्या पाच मीटरमधील अंतर दिवाळीपेक्षा होळीला कमी झाले आहे का, एवढेच दोघांनी पाहावे.

राहता राहिले शाळेतील सर. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नये. आपण न जाता दिरांनीच जावे, कारण त्यांचा मुलगा संघात आहे आणि त्यांच्या बोलण्याला स्वार्थाचा वास येणार नाही. पुढच्या निवडीच्या वेळी शर्यतीनंतर अर्धा तास चार-चार मुलांचे छोटे सामने लावून पाहावेत, एवढीच विनंती त्यांनी करावी. बहुतेक शिक्षक हे ऐकतात. मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर मीही ऐकले असते, असे निदान आज वाटते.

कोल्हापूरच्या मामांना कळवावे की, पुढच्या वेळी येताना भाच्याला शाहू स्टेडियमच्या गोष्टी कमी सांगाव्यात आणि चार नंबरचा एक चेंडू आणावा. तो दोघांच्या नावाने आणावा. आणि गुडघ्याविषयी डॉक्टर काय म्हणाले ते मला चार ओळींत अवश्य कळवावे. धावण्याचे वेळापत्रक त्यानंतरच सुरू करायचे आहे.